सुलतान अनेक, प्रजा एक

आमच्या शब्दकोश कार्यालयात संचालकांच्या सहीशिवाय एकही नोंद छापली जात नाही. ‘स’चा खंड माझ्या निवृत्तीपूर्वी निघावा, एवढीच माझी इच्छा होती. आयुष्यात दुसरे काही धड जमले असेल, असे मला वाटत नाही. अडली होती फक्त ‘सुलतान’ची नोंद.

संचालकांनी ती मोठ्याने वाचली. “मूळ अरबी. आधी अर्थ ‘सत्ता’, मग सत्ता गाजवणारा. पुढे फारसी, तुर्की, मराठी, युरोपातल्या भाषा... एवढ्या जणांनी उचलला? परवानगी कोणी दिली?”

“शब्द उचलायला परवानगी लागत नाही, साहेब.”

हे त्यांना फार पटले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारावर पाटी लागली : सुलतान.

उपसंचालकांनी नाक मुरडले आणि दुपारपर्यंत ते ‘उपसुलतान’ झाले. मग लेखापालांच्या पोटात दुखू लागले. ते ‘लेखासुलतान’ झाल्यावरच थांबले. आवक-जावकच्या बाई म्हणाल्या, “मी काय कुणाचं घोडं मारलंय?” ‘सुलताना’ हे स्त्रीरूप त्या माझ्याच टेबलावरून घेऊन गेल्या. शेवटी चहावाल्यानेही किटलीवर पट्टी चिकटवली.

तेव्हा कुठे कार्यालयाच्या लक्षात आले की प्रजाच उरलेली नाही. तातडीची बैठक भरली. सगळे माझ्याकडे पाहू लागले.

“काका, तुम्हाला पदाची हौस नाही ना?” लेखासुलतानांनी विचारले.

“नाही, पण...”

“झालं तर मग. बाई, लिहून घ्या. प्रजा, एक.”

त्या दिवसापासून माझी नोंद ही ‘रयतेची विनंती’ ठरली. ती हातात धरणे प्रत्येक सुलतानाला कमीपणाचे वाटे. चहावाला तर म्हणाला, “जरा वाकून मागा, काका. सवय होईल.”

निवृत्तीच्या आदल्या दिवशी संचालकांनी बोलावले. “सही करतो. फक्त नोंदीतल्या अर्थाला थोडी भर घाला : या कार्यालयातील कोणीही, प्रजा वगळून.”

“साहेब, हा अर्थ कुठल्याच भाषेत नाही.”

“आता आपल्या भाषेत आहे. नाहीतर खंड राहू द्या.”

मी भर घातली. खंड निघाला, जाडजूड, देखणा. घरी बसून मी वाचकांच्या शिव्यांची वाट पाहू लागलो. त्यांच्यावरच माझी सारी भिस्त होती.

पत्रे पोत्याने आली. अर्थ चुकल्याचे एकानेही लिहिले नव्हते. पुढच्या आवृत्तीत ‘सुलतान’च्या नोंदीत आपले नाव घालायला कोणाला भेटावे लागेल, एवढेच प्रत्येकाने विचारले होते.