बाविसाव्या मोहिमेबाबत मंडळाची भूमिका

खेळ खेळल्याने झिजतो आणि अभिप्रायाने टिकतो. हे सत्य जगाला अजून पटलेलं नाही, पण बेंगळूरुच्या चामराजपेटेतल्या आमच्या मंडळाला पटून सव्वीस वर्षं झाली. पत्त्यांचा कॅट घ्या. रोज खेळलात तर वर्षभरात राजाचं तोंड पुसून जातं. तोच कॅट कपाटात ठेवून नुसतं त्याच्याबद्दल बोलत राहिलात तर नातवंडांना कोरा करकरीत मिळतो. संगणकावरचा खेळ त्याहून नाजूक, कारण तो खेळायला बसलं की आपल्याला तो येत नाही हे चारचौघांना दिसतं.

'नेब्युला पिकेट' हा अवकाशयुद्धाचा खेळ सत्त्याण्णव साली इथल्याच शिवाजीनगरच्या एका दुकानातून आमच्या लोकांत आला. (त्या दुकानात आता मोबाईलच्या काचा बदलून मिळतात.) त्यात तुम्ही एका लहानशा लढाऊ यानात बसून मालवाहू यानांच्या तांड्याची राखण करता आणि हाताशी असलेली वीज तोफा, ढाल आणि इंजिन यांच्यात वाटता. तिन्हींना एकदम पुरेल इतकी वीज कधीच नसते. बेंगळूरुच्या माणसाला हा भाग कोणी समजावून सांगावा लागला नाही.

आमचं पूर्ण नाव 'बेंगळूरु मराठी नेब्युला पिकेट अभिप्राय मंडळ (नोंदणीकृत)'. सभासद दोनशे चौदा. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी साडेदहाला पिठाच्या गिरणीवरच्या हॉलमध्ये सभा भरते. आधी उप्पिट्टु (म्हणजे उपमा), मग अभिप्राय, मग कॉफी. प्रत्येक अभिप्रायाला सूचक लागतो, अनुमोदक लागतो, आणि इतिवृत्तात चढल्याशिवाय तो बाहेर कुठे बोलून दाखवता येत नाही. ज्यांनी खेळ फ्लॉपीवर घेतला ते पहिल्या रांगेत बसतात, सीडीवाले दुसऱ्या, आणि नेटवरून उतरवून घेणारे, म्हणजे महादेवपुऱ्याच्या कंपन्यांतले पुणे-मुंबईवाले, पंखा नसलेल्या बाजूला. आमची घराणी या गावात साडेतीनशे वर्षांपूर्वी आली. कोण आधी आलं आणि कोण मागून, हे आम्हाला नीट कळतं.

मी दयानंद, मंडळाचा मानद कार्यवाह. आजवर चार हजार तीनशे सतरा अभिप्राय मी स्वतः नोंदवून घेतले आहेत. विषय कोणताही असो, सूर पाहून वर्गवारी अशी: 'खेळ पूर्वी फार चांगला होता' एक हजार नऊशे सहा (सत्त्याण्णवपासून खेळात एका अक्षराचाही बदल झालेला नाही); 'आजच्या पोरांना यातलं काय कळणार' एक हजार एकशे बावीस; 'त्या काळाच्या मानाने चित्रं बरी' आठशे सत्तर; आणि 'मला यावर काही बोलायचं नाही' चारशे एकोणीस. या शेवटच्या वर्गातल्या अभिप्रायांना सरासरी सहा मिनिटं लागतात. नियम चार असा की दुसऱ्याचं खेळणं व्हिडिओवर पाहून अभिप्राय देऊ नये, कारण त्याने मत दूषित होतं. नियम पाच असा की स्वतः खेळलेलं असण्याची सक्ती नाही. हे दोन नियम एकत्र वाचले म्हणजे मंडळाच्या मतांची शुद्धता ध्यानात येईल.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना जूनच्या सभेत पद्मावतीअक्का उभ्या राहिल्या.

अक्का सभासद क्रमांक नऊ. वय एकाहत्तर. टेलिफोनच्या कचेरीत छत्तीस वर्षं जोडण्या करून निवृत्त झालेल्या. त्यांच्या नावावर सव्वीस वर्षांत एकही अभिप्राय नाही. एकदा मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "खेळत होते रे. वेळ कुठला?" अशा माणसांमुळे संस्थेची आकडेवारी बिघडते. त्यांचे यजमान रघुपतीअण्णा यान चालवायचे आणि अक्का शेजारी बसून तोफ डागायच्या. एकवीस मोहिमा त्या दोघांनी मिळून पार केल्या. बाविसावी शेवटची. तीत एक रुग्णालय-यान शेवटच्या दारापर्यंत सुखरूप न्यायचं असतं. चाळीस मिनिटं, मध्ये थांबायची सोय नाही, आणि माणसं दोन लागतातच. एकतीस वेळा दोघं हरले. चार वर्षांपूर्वी दार पडद्यावर दिसलं होतं म्हणे. मग अण्णांचा उजवा हात कापायला लागला, आणि आता अक्कांना काचबिंदू.

"डॉक्टर म्हणतो, दिवाळीपर्यंत काय ते बघून घ्या," अक्का म्हणाल्या. "मला यान चालवणारं एक माणूस द्या. एक रविवार. त्या दारापलीकडे काय आहे ते मला डोळ्यांनी बघायचंय. बाकी काही नको."

सभागृह हललं. अध्यक्ष हणमंतराव मात्र घरंदाज माणूस. त्यांनी शांतपणे विचारलं, "अक्का, स्वल्प थांबा. हा अर्ज की अभिप्राय?"

"अर्ज हो, अप्पा."

"मग अभिप्राय मंडळापुढे तो यावा कसा?"

हा प्रश्न मी इतिवृत्तात शब्दशः टिपून घेतला. तेव्हा पंखा नसलेल्या बाजूने यशोवर्धन उठला. हा मुलगा महादेवपुऱ्यात सॉफ्टवेअरमध्ये मोठ्या जागेवर आहे. "ॲक्च्युली अक्का, ते ट्वेंटी-सेकंड मिशनच अनफेअर आहे. बॅलन्सिंगच गंडलंय. मी त्यावर लाँग पोस्ट लिहिलीये."

"तू गेलायस तिथवर?"

"नाही, म्हणजे, ट्यूटोरियल झालंय माझं. ऑलमोस्ट."

"मग येतोस का रविवारी? यान तू चालव."

"संडे जरा टाइट आहे. पण पोस्टची लिंक पाठवतो तुम्हाला."

अक्कांनी विचारलं की ती लिंक नीट दिसायला किती मोठी करावी लागेल. यशोवर्धन म्हणाला, झूम होतं. चर्चा समाधानकारक झाल्याचं मी नोंदवलं आणि पाच जणांची उपसमिती नेमण्यात आली.

कोणी म्हणेल, नेटवर शेवट कुठेतरी असेल, तो बघून टाकायचा. हे आम्ही अक्कांना सुचवलं होतं (नियम चार फक्त अभिप्राय देणाऱ्यांना लागू आहे आणि त्या देतच नाहीत). त्यावर त्या माझ्या अंगावर खेकसल्या, "दुसऱ्याच्या ताटाकडे बघून माझं पोट भरतंय होय रे?" वयोमानाप्रमाणे चिडचिड होते, हे समजून घेतलं पाहिजे.

उपसमितीने तीन महिने घेतले आणि अहवाल इतका चोख दिला की वाचताना माझा ऊर भरून आला. त्याचा गाभा असा. बाविसाव्या मोहिमेच्या शेवटाबद्दल मंडळाच्या दप्तरी एकशे बारा अभिप्राय आहेत. अठ्ठेचाळीस सभासदांच्या मते दार उघडल्यावर पृथ्वी दिसते. सदतीस जणांच्या मते रुग्णालय-यान आतून रिकामंच निघतं. सत्तावीस जणांच्या मते शेवट असा नाहीच, नुसती नावं वर सरकतात. तिन्ही मतं रीतसर मांडली गेली, अनुमोदित झाली आणि टाळ्यांच्या गजरात मंजूर झाली. तिन्ही आज खरी आहेत. उद्या पद्मावतीअक्कांनी दार उघडलं तर, अगदी उदार मनाने हिशेब केला तरी, चौसष्ट अभिप्राय एका रविवारी खोटे ठरतील. त्यांत दोन माजी अध्यक्षांचे आहेत. एका सभासदाच्या डोळ्यांसाठी चौसष्ट सभासदांचं तोंड काळं करायचं का, असा प्रश्न उपसमितीने विचारला होता आणि तो तिने ठळक अक्षरांत विचारला होता.

तरीही मंडळाला हृदय आहे. अक्कांची निष्ठा वाया जाऊ नये म्हणून त्यांचा जाहीर सत्कार करावा, असा ठराव झाला. शाल, म्हैसूर पेटा, फळांची करंडी आणि मानपत्र. आमच्या लोकांत कोणी काही मागितलं की आम्ही त्याचा सत्कार करतो. त्यानंतर तो माणूस सहसा पुन्हा मागत नाही.

दिवाळीला दहा दिवस असताना आम्ही तेवीस जण त्यांच्या घरी गेलो. अक्कांनी जुनं मशीन सुरू करून ठेवलं होतं. स्वतःची खुर्ची त्यांनी पडद्याच्या बरीच उजवीकडे, तिरकी मांडली होती, कारण नजर आता डाव्या बाजूची तेवढीच राहिली होती. पेटा डोक्यावर घालून झाला. तो मोठा झाला आणि त्यांच्या त्या उरल्यासुरल्या नजरेवर आला. तो मागे सारून त्यांनी विचारलं, "आता कोण बसतंय?"

बावीस जणांनी माझ्याकडे पाहिलं. यान चालवण्याच्या कलेवर माझे स्वतःचे सहाशे अकरा अभिप्राय आहेत, तेव्हा ते साहजिकच होतं. मी बसलो. आता सांगायला हरकत नाही, त्या दिवसापर्यंत मी यान चालवायचा तो दांडा (जॉयस्टिक) हातात धरलेला नव्हता.

अकराव्या सेकंदाला मी रुग्णालय-यानालाच जाऊन धडकलो. मागे बावीस अभिप्राय उमटले. नऊ जणांच्या मते वेग जास्त होता, आठ जणांच्या मते कमी होता, उरलेले पाच म्हणाले की फ्लॉपीच्या काळात असं होत नसे. फार उत्तम अभिप्राय होते. मी दांडा सोडून ते टिपून घेऊ लागलो.

"वही ठेव," अक्का म्हणाल्या. "परत."

रघुपतीअण्णा माझ्या खांद्यामागे उभे राहिले. कापरा हात त्यांनी पाठीशी धरला होता. "सरी, ठीक आहे, आता हळू. डावीकडे घे. ढालीची वीज काढून इंजिनाला दे. अरे, घाबरतोस कशाला, ती आहे ना मागं बघायला." दुसऱ्या खेपेला मी चार मिनिटं टिकलो. तिसऱ्या खेपेला मात्र काहीतरी झालं. अक्का डागत होत्या आणि समोरची यानं एकामागून एक फुटत होती. त्यांची बोटं मी बघितली. त्या बोटांना पडद्याची गरजच नसावी अशी ती चालत होती, आणि अक्का मधूनच "हां, हां, अस्संच राहा दयानंदा" म्हणत होत्या. नऊ मिनिटं झाली. रुग्णालय-यानाला ओरखडा नव्हता. खोटं कशाला सांगू, मला भयंकर मजा येत होती. सव्वीस वर्षांत कोणत्याही सभेत आली नव्हती.

तेवढ्यात हणमंतराव म्हणाले, "दयानंद, कॉफी गार होतेय. आणि ग्रुप फोटो राहिलाय."

मी उठलो.

पडद्यावर काय झालं ते मी पाहिलं नाही, पण अक्कांनी डागणं थांबवलं नाही, हे आवाजावरून कळत होतं. बराच वेळ कळत होतं. फोटो चांगला आला. जाताना त्या दाराशी येऊन म्हणाल्या, "जमत होतं रे तुला. पुढच्या रविवारी ये. सकाळी साडेअकराला. मी मशीन लावून ठेवते."

मी येतो म्हणालो. पण पुढच्या रविवारी सत्काराचं इतिवृत्त पक्कं करायचं होतं. त्याच्या पुढच्या रविवारी फोटोत कोण कुठे उभं आहे यावरून हरकती आल्या. मग दिवाळी आली.

परवा बाजारात अण्णा भेटले. अक्कांना आता वाचता येत नाही म्हणाले, माणसं सावलीसारखी कळतात. पडद्याचा एक डावा कोपरा अजून शिल्लक आहे, तोही किती दिवस, देव जाणे. रविवारी साडेअकराला त्या अजून मशीन लावतात. अण्णा समोरचं वाचून सांगतात, अक्का आवाजावर डागतात, आणि यान कोणी चालवतच नसल्याने ते सरळ जात राहतं. मला फार वाईट वाटलं. तिथे भाजीच्या गाड्यापाशी उभ्या उभ्या डोळ्यांत पाणी आलं. (अभिप्राय क्रमांक चार हजार तीनशे अठरा. अनुमोदक मिळालेला नाही.) मी या रविवारी नक्की जाणार होतो, पण हे लिहून पुरं करायचं होतं.

छापायला देण्याआधी हा वृत्तांत मी चाळीस जाणकार वाचकांना पाठवला. उत्तरं तत्परतेने आली. सतरा जणांना अक्का आवडल्या. अकरा जणांना कार्यवाह नीच वाटला. नऊ जणांच्या मते शेवट अजून टोकदार हवा होता. तिघांनी शुद्धलेखनाच्या चुका काढून पाठवल्या. अक्कांचं घर चामराजपेटेत कुठल्या रस्त्याला आहे, हे एकानेही विचारलं नाही.

तुमचंही काही मत एव्हाना झालं असेलच. अवश्य कळवा. अक्कांना वाचून दाखवायला रघुपतीअण्णा आहेत.