बर्फाचा ट्रॅक्टर

नांदेडकडच्या आमच्या भोकरमध्ये मे महिन्यात भर दुपारी माणूस बाहेर पडला, तर घरचे लोक त्याच्या डोक्याला हात लावून बघतात. आमचे शेजारी नागोराव त्याच वेळेला दारातल्या कडुलिंबाखाली, डोक्याला ओला पंचा गुंडाळून, ट्रॅक्टरला बर्फ ढकलायचं पातं बसवत असत.

मी भूगोलाचा निवृत्त मास्तर. हिमवर्षाव मी जन्मभर शिकवला, पण प्रत्यक्षात बघितलेला सगळ्यात मोठा बर्फ म्हणजे बसस्टँडजवळच्या रसवंतीतली लादी. तरीही नागोरावांच्या लेखी मी या विषयातला जाणकार होतो.

"गुरुजी, बरफ ढेकळावाणी ऱ्हातो का भुशावाणी?"

"भुसभुशीत असतो."

"मंजी भुशावाणी. मग पात्याला बाक जास्ती पायजे."

एवढं बोलून ते पुन्हा ट्रॅक्टरखाली सरकत. मग तिथून नुसते पाय दिसत. लांबलचक पाय. नागोराव उंचीनं आमच्या गल्लीत सगळ्यात मोठे, त्यामुळे ट्रॅक्टरखाली ते कधी पूर्ण मावलेच नाहीत.

हे खूळ सुरू झालं त्याला कारण उषा. उषा त्यांची थोरली मुलगी, माझी विद्यार्थिनी. लग्न करून कॅनडात गेली, तिला आता बरीच वर्षं झाली. दर रविवारी तिचा व्हिडिओ कॉल येतो. बोलतात वहिनी, म्हणजे उषाची आई; नागोराव शेजारी बसून नुसते ऐकतात. फार झालं तर "तिकडं डिझेल गोठतंय का?" एवढं विचारतात. हिवाळ्यातल्या एका रविवारी उषानं फोन फिरवून दारातली गाडी दाखवली. गाडी म्हणजे बर्फाचा ढीग आणि त्यातून डोकावणारा एक आरसा. तिच्या हातात फावडं होतं.

"रोज सकाळी हेच करायलेय आबा. दिसायला कापूस, पण ओल्या कापसावाणी जड ऱ्हातोय."

वहिनी "अगं बाई" म्हणाल्या. नागोराव उठले आणि लिंबाकडे गेले. तिथं त्यांचा जुना लाल ट्रॅक्टर कित्येक वर्षं उभा होता. त्याच्या सीटवर कोंबडी अंड्यावर बसली होती. नागोरावांनी तिला हाकललं नाही. पिलं निघेपर्यंत थांबले आणि मग पाना हातात घेतला.

नागोरावांचं एक ठरलेलं वाक्य आहे: "बोलून नट ढिला होत न्हाई." ते कुठंही लागू पडतं असं त्यांचं मत आहे. बांधावरून भांडणाऱ्या दोन भावांची समजूत काढायला आम्ही त्यांना नेलं, तर दोघांचं ऐकून घेऊन त्यांनी हे वाक्य म्हटलं आणि दोघांच्या सामाईक विहिरीवरची बंद पडलेली मोटार दुरुस्त करून परत आले. वहिनी दवाखान्यात होत्या तेव्हा सगळे नातेवाईक उशाशी बसून धीर देत होते आणि नागोराव स्टुलावर चढून वॉर्डातला पंखा खोलून बसले होते. वहिनी अजूनही सांगतात, "डागदर हसायलते, पण वारं मातर लागलं." या माणसाला माया दाखवायची झाली तर आधी काहीतरी बिघडावं लागतं.

ट्रॅक्टरमध्ये बिघडायचं काही उरलं नव्हतंच. नोझल चोंदलेले, बॅटरी मेलेली, टायरांना भेगा. एक एक करत त्यांनी सगळं जमवलं. पात्यासाठी पाण्याच्या मोडक्या टँकरचा पत्रा उभा कापून आणला. त्याला बाक आयताच होता. वेल्डिंग केलं रफिकमिस्त्रीनं.

"काका, आपल्याकडं एखाद्या सालाला गारा पडतेत," रफिक म्हणाला, "तेवढ्यासाठी हे लई मोठं हुतंय."

"गारांसाठी न्हाई. कॅनडाला जायचंय हे."

रफिकनं माझ्याकडे बघितलं. मी लिंबाकडे बघितलं.

कॅनडाला कसं जायचं, याची चौकशी नागोरावांनी रीतसर केली होती. नांदेडला माल-वाहतुकीच्या एका ऑफिसात मला बरोबर घेऊन गेले. तिथला माणूस सभ्य होता. म्हणाला, "हैदराबादपातुर पोचवतो काका, फुडं तुमचा माणूस उभा करा." नागोरावांना यात काही वावगं वाटलं नाही. परत येताना म्हणाले, "अर्धं तर झालं."

उषानं फोनवर सांगून बघितलं की आबा, इथं दुकानात मिळतात असल्या मशिनी. नागोराव त्या दिवशी चक्क फोनजवळ तोंड नेऊन बोलले, "दुकानातल्या मशिनी काय तुजे पाय बगून केल्यात?" आम्हाला कुणालाच याचा अर्थ लागला नाही.

मग प्रश्न आला परीक्षेचा. बर्फाशिवाय पातं तपासायचं कसं? आधी त्यांनी बर्फाच्या कारखान्यातून लाद्या मागवल्या. टेम्पो रेल्वे फाटकात अडकला आणि अंगणात पोचली ती ओली पोती. मग उषाचंच वाक्य त्यांना आठवलं. जिनिंगमधला टाकाऊ कापूस ट्रॉली भरून आणला, अंगणात पसरला आणि वर पाइपानं पाणी मारलं. भोकरमध्ये कापसावर पाणी पडलं की बायका पदर तोंडाला लावतात. इथं हा माणूस हौसेनं भिजवत होता. गल्ली गोळा झाली. कुणीतरी म्हणालं, "स्वेटर आणा रे." नागोरावांनी ट्रॅक्टर सुरू केला, पातं खाली सोडलं आणि ओला कापूस भिंतीपर्यंत ढकलत नेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पण मला हसू आलं ते वेगळ्याच गोष्टीचं. त्या सीटवर नागोराव नाकतोड्यासारखे बसले होते. गुडघे पार हनुवटीशी. मी म्हटलं, एवढी मेहनत केली आणि सीट चुकली की काय? ते खाली उतरल्यावर मी चढून बसलो, तर माझेही गुडघे स्टिअरिंगला अडकले. खाली बघितलं. क्लचला आणि ब्रेकला बाभळीचे जाडजूड ठोकळे नटबोल्टनं पक्के बसवलेले होते. रंधा मारून, कडा गोल करून.

"सीट इतकी फुडं कामून घेतली, नागोराव? आणि हे ठोकळे?"

"उतरा गुरुजी," ते म्हणाले. कधी नव्हे तो आवाज चढला होता.

उलगडा वहिनींनी केला. चहा देताना हळूच म्हणाल्या, "सातवी-आठवीत असंल उषा. टॅक्टर शिकवा म्हून लई मागं लागली व्हती. एक दिवस आपलीच चढून बसली. तर हे म्हन्ले, पाय पुरत न्हाईत तुजे, उतर. चार मान्सं व्हती समोर. हासले सगळे. पोरगी उतरली ती पुन्ना कधी चढली न्हाई." कपबशी पुढे सरकवत म्हणाल्या, "तिच्या भावाचे तरी कुठं पुरत व्हते? त्याला बरोबर ठोकळे बांदून शिकवलं."

तो भाऊ आज पुण्यात ऑफिसात आहे. ट्रॅक्टरचं त्याला तोंडही बघायचं नसतं. मला त्या चहाची चव लागली नाही. नागोरावांची इतकी थट्टा केली याचं वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं ते त्यांनी एवढी वर्षं हे कुणाजवळ बोलू नये याचं.

नाताळच्या सुट्टीत उषा एकटीच आली. नागोरावांनी सकाळीच अंगणात कापूस पसरून भिजवून ठेवला होता. ती बघून इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. नागोराव हसले नाहीत. त्यांनी चावी पुढे केली.

"बस," म्हणाले.

उषाचं हसू थांबलं. तिनं ट्रॅक्टरकडे बघितलं, मग वडिलांकडे. चपला काढल्या आणि चढली.

उषा आता चाळिशी ओलांडलेली बाई आहे. उंची बापाची घेतलेली. ती बसली आणि तिचे गुडघे स्टिअरिंगला जाऊन भिडले. तिनं खाली वाकून बघितलं. ठोकळे दिसले. एकाच्या गोल केलेल्या कडेवरून तिनं बोट फिरवलं. मग गुडघे दोन बाजूंना फाकवून, अवघडून, तिनं क्लच दाबला. तिकडच्या बिनक्लचच्या गाडीची सवय असल्यानं पहिला झटका जोरात बसला, पण ट्रॅक्टर निघाला. नागोराव मडगार्डला हात लावून शेजारून चालत होते. सायकल शिकवताना लोक चालतात तसे. सगळा कापूस भिंतीला लागला तेव्हा तिनं इंजिन बंद केलं.

"आबा," ती म्हणाली, "पुरायलेत की पाय."

नागोरावांनी तेव्हा पहिल्यांदा तिच्या गुडघ्यांकडे बघितलं. दर रविवारी फोनवर दिसणारी उषा खांद्यापर्यंतच दिसायची. पायांचं माप त्यांनी, ती सीटवरून उतरली त्या दिवसाच्या आठवणीतून घेतलं होतं.

ते पाना घेऊन आले आणि पेडलपाशी गुडघ्यांवर बसले. "ठोकळे लई मोठे झाले. काडतो."

"ऱ्हाऊ द्या आबा."

त्यांनी नटाला पाना लावला, पण फिरवला नाही. खालीच बघत म्हणाले, "हे तवाच लावायचे व्हते, उषा."

उषानं ठोकळ्यावरचा पाय उचलला नाही. ती परत गेली, तिकडे पुन्हा बर्फ पडला, आणि ट्रॅक्टर लिंबाखाली उभा आहे. ठोकळे अजून तसेच आहेत.