साखरपाकातले झुमके

धम्मदीनाने बाल्कनीतला थर्माकोलचा तुकडा उचलला आणि किंचाळून जिथल्या तिथे टाकला. त्या पांढऱ्या तुकड्यावर एक हार होता, दोन झुमके होते, कपाळावरची बिंदी होती. सगळं काळंभोर होतं आणि सगळं वळवळत होतं.

दागिने त्यावर नव्हतेच. ते काल संध्याकाळीच विहीणबाईंच्या घरी पोचले होते. वाळायला टाचले होते तेव्हा थर्माकोलवर जो पाक निथळला, त्यावर मुंग्यांनी बसून अख्खा सेट पुन्हा मांडला होता. एक पाकळी चुकली नव्हती.

"अहो! अहो, इकडे या आधी!"

ज्ञानदीप गालाला फेस लावलेला तसाच आला. "काय झालं? साप आहे का?"

"मुंग्या!"

"मुंग्या ना? मग एवढी काय घाबरतेस?" त्याने वाकून पाहिलं. "अरे वा, क्या डिझाइन आहे! तुझ्यापेक्षा सफाई आहे हं यांच्या हातात."

"अहो, आज हळद आहे! आणि हेच सगळं आत्ता तिकडे संहिताच्या दागिन्यांवर बसलं असेल!"

ज्ञानदीपच्या गालावरचा फेस हळूहळू वाळायला लागला.

आता दागिन्यांना साखरेचा पाक लावायची बुद्धी कुणाला होते, असं तुम्ही विचाराल. धम्मदीनाला काही हौस नव्हती. ती पलासिया भागातल्या एका विमा कचेरीत काम करायची आणि तिच्या पर्समध्ये डब्याच्या शेजारी कायम टॅटिंगचं शटल असायचं. शटल म्हणजे बोटभर लांबीची होडीच, पोटात दोरा गुंडाळलेली. ती होडी बोटांवरच्या दोऱ्याखालून-वरून फिरवत गाठीमागे गाठ घालायची, गाठींची पाकळी आवळायची, पाकळ्यांचं फूल करायचं. तिची आई चंपा हे महूला एका फौजी साहेबाच्या बायकोकडून शिकली आणि लेकीच्या हातात शटल देताना तिने बजावलं होतं, "बघ हं, ही गाठ एकदा आवळली की सुटत नाही. आधी विचार कर, मग ओढ."

मुलाने, पंचशीलने, मात्र आईला न विचारताच गाठ आवळून टाकली. संहिता त्याच्या ऑफिसातली, बडा गणपतीजवळ राहणारी. त्यांच्याकडे देवघर, यांच्याकडे बुद्धाची मूर्ती आणि आजोबांचा फौजी पोशाखातला फोटो. दोन्हीकडून होकार यायला वर्ष गेलं. होकार आला खरा, पण तो तोंडावरचा की मनातला, या चिंतेने धम्मदीनाला जेवण गोड लागत नव्हतं. त्यात विहीणबाई सुमनताई म्हणजे मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्या नुसत्या बघायला लागल्या की धम्मदीनाचा हात आपोआप पदर सारखा करायला जायचा.

आणि अशात एक दिवस संहिता म्हणाली, "आई, हळदीला मला ते फुलांचे दागिने नकोत. सगळ्याच घालतात. मला तुमच्या हातचं टॅटिंग पाहिजे."

त्याआधी ती 'आंटी' म्हणायची. धम्मदीनाने त्या एका 'आई'वर बिंदी, हार आणि झुमके कबूल केले. बाजूबंदही केले असते, पण कचेरीतून रजा मिळेना.

काम झालं देखणं. पण टॅटिंग नुसतं केलं की मऊ राहतं. झुमका कानात झुमका दिसायला हवा, भिजलेल्या पोळीसारखा लोंबता कामा नये. एरवी ती डिंकाचं पाणी लावायची. तेवढ्यात सुमनताईंचा फोन आला.

"ताई, एक सांगायचं राहिलं. संहिताला गोंद, केमिकल वगैरे बिल्कुल चालत नाही हं. फौरन पुरळ उठतं. आणि फोटो तर जन्मभराचे असतात."

झालं! धम्मदीनाने कांजी लावून पाहिली, तर पांढरे डाग उठले. मग तिला आठवली महूची मेमसाब. चंपा सांगायची, मेमसाब लेसच्या रुमालांना साखरेचा पाक लावायची. पाक केला, दागिने बुडवले, टाचण्या लावून पंख्याखाली वाळवले, तर काय! काचेसारखे कडक आणि चमकदार. ज्ञानदीपने झुमक्यावर टिचकी मारली तर टण्ण आवाज आला. मेमसाब ते रुमाल नंतर कुठे ठेवायची, हे मात्र चंपाने कधी सांगितलं नव्हतं.

सुमनताईंनी काल दागिन्यांचा डबा दोन्ही हातांनी घेतला होता. "आमच्याकडे नवा दागिना रात्रभर देवापुढे ठेवतात," त्या म्हणाल्या आणि त्यांनी तो गणपतीपुढे, पेढ्यांच्या ताटलीला लागून ठेवला. धम्मदीनाला काल त्याचा केवढा आनंद झाला होता. आज मात्र ती पेढ्यांची ताटली म्हणजे मुंग्यांना धाडलेलं आवतणच वाटत होतं.

"फोन कर ना सरळ," ज्ञानदीप म्हणाला.

"आणि काय सांगू? तुमच्या मुलीचे दागिने खायचे आहेत म्हणून?"

"साखरेचं खाणार त्याला देव देणार. देवापुढेच आहेत, टेन्शन नको घेऊ."

धम्मदीनाने त्याच्याकडे असं पाहिलं की तो मुकाट्याने तोंड धुवायला गेला.

जायला निमित्त तयारच होतं. हळद आधी नवऱ्या मुलाला लावायची आणि वाटीत उरलेली उष्टी हळद नवरीकडे न्यायची, हा रिवाज. पंचशीलला तिने अर्धवट झोपेतून ओढून पाटावर बसवला. आत्या-मावश्यांची गाणी सुरू व्हायच्या आतच तिने त्याला हळद फासली.

"आई, हा गाल राहिला."

"गालाला काय करायचंय? ऊठ!"

"पण फोटो?"

"हळदीच्या बाजूने काढ!"

भंवरकुआंच्या घरून स्कूटर निघाली. पुढे ज्ञानदीप, मागे मांडीवर हळदीची वाटी घट्ट धरून धम्मदीना. रविवार असल्यामुळे प्रत्येक कोपऱ्यावर पोहे-जलेबीला गर्दी. एरवी जलेबीच्या वासाने तिला बरं वाटायचं, आज प्रत्येक कढईत तिला पाकच दिसत होता. संहिता पाटावर बसली आहे, कानातून मुंग्यांची रांग निघून गालावर उतरते आहे, फोटोग्राफर म्हणतोय, "मॅडम, जरा स्माइल." आणि सुमनताई काहीच बोलत नाहीत, नुसत्या बघतात. ते बघणं जास्त भयंकर होतं.

दार सुमनताईंनीच उघडलं. डोळे लाल, ओठ घट्ट मिटलेले.

"अरे! इतक्या लवकर?"

"उष्टी हळद आणली," धम्मदीना म्हणाली. "आणि ते झुमके जरा द्या ना. एक गाठ राहिलीये. दोन मिनिटांचं काम."

"नाही!" सुमनताई एवढ्या जोरात म्हणाल्या की स्कूटर लावणाऱ्या ज्ञानदीपने वळून पाहिलं. मग त्या आवाज उतरवून म्हणाल्या, "म्हणजे, देवघरात नानासाहेबांची पूजा चालू आहे. मधे कुणी गेलेलं त्यांना चालत नाही."

नानासाहेब म्हणजे सुमनताईंचे सासरे. ते ओसरीवर खुर्ची टाकून बसले होते आणि शेव घातलेले पोहे खात होते. त्यांनी चमचा वर करून धम्मदीनाला नमस्कार केला.

धम्मदीनाने नानासाहेबांकडे पाहिलं. सुमनताईंनीही पाहिलं.

"त्यांची पूजा दोन भागांत असते," सुमनताई म्हणाल्या.

संपलं. यांना कळलंय, धम्मदीनाच्या मनाने घेतलं. मुंग्या पाहिल्या आहेत आणि आता मला देवघराच्या दारातही उभं करत नाहीयेत. वर्षभर जोडत आणलेलं सगळं आपण वाटीभर पाकात बुडवलं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! तिला रडूच यायला लागलं. "पाणी घेते जरा," असं पुटपुटून ती स्वयंपाकघराकडे वळली. सुमनताई तिच्या मागे जवळजवळ धावल्या.

स्वयंपाकघराच्या बाजूच्या खोलीचं दार बंद होतं. आतून घुंऽऽ असा आवाज येत होता.

"संहिता केस वाळवतेय," सुमनताईंनी न विचारताच सांगितलं.

तेवढ्यात जिन्यावरून संहिता खाली आली, डोक्याला ओला टॉवेल गुंडाळलेला. "आई, तुम्ही आल्या पण? बाबा आणि हेअर ड्रायर दोन्ही सापडत नाहीयेत. पाहिलेत का कुणी?"

"वर जा आधी!" सुमनताई ओरडल्या. ती गेली. सुमनताईंनी डोळे मिटले, मोठा श्वास घेतला, धम्मदीनाचा हात धरला आणि बंद दार ढकललं.

आत श्रीपादराव, म्हणजे नवरीचे वडील, नवं धोतर नेसून उकिडवे बसले होते आणि पलंगावर पसरलेल्या बिंदीवर ड्रायरचा वारा सोडत होते. शेजारी हार आणि झुमके.

"ताई, काय बोलायचं ते बोला मला," सुमनताई म्हणाल्या. "मी तुमचे दागिने धुतले."

धुतले? धम्मदीनाच्या मनात नको ते सगळं एका क्षणात येऊन गेलं. आपल्या हातचे म्हणून?

"पहाटे दिवा लावायला गेले, तर डब्यात मुंग्याच मुंग्या! माझीच चूक. पेढे शेजारी ठेवायची मला अवदसा आठवली. घाबरून नळाखाली धरले, मुंग्या गेल्या, पण दागिन्यांच्या पार शेवया झाल्या हो! वरमाईने रात्र-रात्र बसून केलेलं, आणि आम्हाला एक रात्र सांभाळता आलं नाही. तुम्ही आधीच कमी बोलता. मला तर तुमची पहिल्यापासून भीतीच वाटते."

धम्मदीनाने मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. म्हणजे हे तिलाच म्हणत होत्या.

"माझी?"

"मग काय! मुलाची आई तुम्ही. काल रात्री मी तीनदा विचारलं यांना, ताई हसल्या ते मनापासून का, म्हणून."

श्रीपादरावांनी ड्रायर चालू ठेवूनच मान हलवली. चारदा विचारलं होतं, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

धम्मदीना पलंगाच्या काठावर बसली. वरमाई आपण आहोत, हे तिच्या वर्षभरात ध्यानातच आलं नव्हतं. "सुमनताई," ती म्हणाली, "त्या मुंग्या तुमच्या पेढ्यांच्या नव्हत्या. माझ्याच होत्या." आणि तिने गोंदापासून मेमसाबपर्यंत सगळं सांगून टाकलं.

सुमनताईंनी आधी पलंगावरच्या बिंदीकडे पाहिलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले, मग तोंडाला पदर लावून त्या अशा हसल्या की शाळेतल्या कुणी पाहिलं असतं तर विश्वास बसला नसता. धम्मदीनालाही हसू आवरेना. आणि मग सुमनताई एकदम थांबल्या.

"साखर म्हणालात?"

"हो. पाक."

"अहो, पण आत्ता परत कडक करायला मी कशात बुडवले ते विचारा ना!"

"कशात?"

ओसरीवरून नानासाहेबांचा आवाज आला. त्यांचे कान तिखट होते. "साखरेच्या पाण्यात! मीच सांगितलं सूनबाईंना. आमच्या मातोश्रींच्या लेसला तेच असायचं. कसे झालेत बघा, टणक!"

दोघी विहिणींनी एकमेकींकडे पाहिलं. आगीतून निघून फुफाट्यात! पुन्हा धुवायला वेळ नव्हता. बाहेर बायकांनी गाणं धरलं होतं, फोटोग्राफर दिव्यांच्या छत्र्या उघडत होता आणि जिन्यावरून संहिता विचारत होती, "माझे झुमके?"

दागिने घालून ती पाटावर बसली तेव्हा बायकांचा गलका झाला. पांढऱ्याशुभ्र फुलांमधून ऊन चमकत होतं. "हाताने केलंय? अगं बाई!" करत जी ती वाकून बघत होती. धम्मदीना मात्र जमिनीकडे बघत होती. मंडपाच्या खांबापाशी जलेबीचा तुकडा पडला होता. तिथून एक बारीक काळी रेघ निघाली होती आणि पाटाच्या दिशेने अगदी शिस्तीत येत होती.

"सुमनताई, खांबापाशी बघा."

"अरे देवा! आता?"

धम्मदीनाला महूच्या घरातला गुळाचा डबा आठवला. चंपा त्या डब्याभोवती हळदीचं रिंगण काढायची. मुंगी हळद ओलांडत नाही, असं तिचं ठाम मत होतं. आणि हळद तर वाटीभर हातातच होती!

"तुम्ही डावा कान घ्या," ती म्हणाली. "मी उजवा."

मग त्या दोघींनी नवरीला अशी हळद लावली की तशी त्या गल्लीत कुणी पाहिली नव्हती. गाल नावापुरते. कान, कानामागे, मान, बिंदीची कड, झुमके वरून-खालून, हार तर गाळात पडल्यासारखा. उरलेली हळद धम्मदीनाने पाटाभोवती ओतली. फोटोग्राफर म्हणाला, "आंटीजी, बस करा, ज्वेलरी छुप रही है." सुमनताईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि तो गप्प झाला. कुणीतरी म्हणालं, "किती जमतं हो विहिणींचं! इतकी हौस कुठे बघायला मिळते?"

"आई, कान कशाला एवढा चोळता?" संहिता कळवळली.

"गप्प बस!" दोघी एकदम म्हणाल्या.

काळी रेघ पाटाजवळ आली, हळदीपाशी थबकली, जराशी चाचपडली आणि परत जलेबीकडे वळली. धम्मदीनाने सकाळपासून रोखलेला श्वास सोडला. पण ओल्या हळदीने पाक विरघळायला लागला होता. झुमके हळूहळू लोंबायला लागले, बिंदीवरून एक पिवळा ओघळ निघाला, नाकाच्या कडेने उतरला आणि संहिताच्या ओठांवर आला. तिने तो जिभेने टिपला. तिच्या कपाळाला आठी पडली.

"आई," तिने सुमनताईंना विचारलं, "ही हळद गोड कशी काय लागतेय?"

धम्मदीनाचा हात हवेतच राहिला. आयुष्यभर खोटं बोलणाऱ्या मुलींना वर्गाबाहेर उभं करणाऱ्या सुमनताईंनी लेकीच्या हनुवटीवरचा ओघळ पदराने पुसला आणि विहिणीकडे बघत म्हणाल्या,

"सासरहून आलीये ना. गोडच असणार."