बाईंसाठी नवी चाकं

"मामा, आता ही गाडी झाडावरसुद्धा चढेल," भाचा म्हणाला.

"झाडावर कोण मेलंय?" मामांनी विचारलं.

प्रश्न रास्त होता, कारण मामांचा धंदा शववाहिकेचा. एकच गाडी. काळी, उंच, डोंगरदऱ्यांत घुसणारी दणकट एसयूव्ही, मागच्या सीटा काढून पेटी सरकवायला रूळ बसवलेले. सगळं गाव मामांना मामा म्हणतं, म्हणून भाच्याला सगळे भाचा म्हणतात. सख्खी आईसुद्धा कधीकधी दारातून ओरडते, "भाच्या, जेवायला ये."

आता तुम्ही म्हणाल, शववाहिकेला एवढी दांडगी गाडी कशाला? तर वरच्या वस्तीसाठी. खिंडीच्या पलीकडे ती वस्ती, आणि मधला रस्ता नुसता नावाला रस्ता. वरची माणसं आजारी पडली की खाली दवाखान्यात येतात, इथे मरतात, आणि मग त्यांना परत वर पोचवायचं. पोचवायचं तेही मामांच्या नियमाने. मामांचा नियम एकच, धक्का लागता कामा नये. "जिवंत पॅसेंजर निदान शिव्या देतो," मामा म्हणायचे, "आपला पॅसेंजर कुणाकडे तक्रार करणार? म्हणून जपायचं."

मागच्या पावसाळ्यात मात्र फजिती झाली. खिंडीखालच्या चिखलात गाडी रुतली, आतमध्ये एका ठेकेदाराचे वडील. सगळ्या नातेवाइकांना उतरून ढकलावं लागलं. मागची काच मोठी, त्यामुळे ढकलणाऱ्या ठेकेदाराचं तोंड बरोबर वडिलांच्या तोंडासमोर. चाकं गरगरली आणि शोकाचे पांढरेशुभ्र कपडे क्षणात चिखलाने माखले. ठेकेदार म्हणाला, "बापानं आयुष्यभर माझ्यावर चिखलफेक केली, जाता जाताही सोडलं नाही." लोक हसले. मयताला लोक हसले म्हणून मामा पुढे कितीतरी दिवस नीट जेवले नाहीत.

म्हणून ठरलं, चाकं बदलायची. आणि हे काम भाच्यावर आलं.

आणि आपला भाचा म्हणजे काय विचारता. त्यानं टायरचा ध्यासच घेतला. जेवताना टायरचे व्हिडिओ, झोपताना टायरचे व्हिडिओ. रस्त्यात माणूस भेटला की आधी त्याच्या गाडीची चाकं बघणार, मग तोंड. एका मित्रानं नव्या बायकोची ओळख करून दिली, तर हा तिच्या स्कूटरपाशी वाकून म्हणाला, "पुढचं एका बाजूनं झिजलंय." तिला आधी कळलंच नाही की हे कुणाबद्दल चाललंय.

टायरवाल्याकडे तर रोज मुक्काम. टायरवाला हुशार. गिऱ्हाईक म्हणेल त्याला हो म्हणायचं, एवढीच त्याची हुशारी.

"डांबरी रस्त्याचे घ्यावेत का?" भाचा विचारी.

"उत्तम."

"पण चिखल आहे हो. मोठ्या दातांचेच लागतील."

"तेच तर उत्तम."

शेवटी मोठ्या दातांचे ठरले. एवढाले दात की टायर पिंजऱ्यात ठेवावा असं वाटे. सोबत नव्या रिम. काळ्याच, पण कडेला नारिंगी पट्टा.

"हे काय?" मामा म्हणाले. "मयताला नेतोय की वरातीला?"

"मामा, या मापात एवढ्याच शिल्लक होत्या."

मामांनी बुटाचं पॉलिश आणलं आणि स्वतः उकिडवं बसून चारही पट्टे काळे केले. मग टायरच्या अंगावरचे आकडे बघितले. जुन्यावर दोनशे पस्तीस आणि पंच्याहत्तर. नव्यावर दोनशे पंच्याऐंशी आणि पंच्याहत्तर.

"याचा अर्थ काय?"

"पहिला आकडा रुंदीचा, दुसरा उंचीचा," भाचा म्हणाला. "रुंदी वाढली. उंची तेवढीच, पंच्याहत्तर. बघा, दोन्हीकडे तेच आहे."

"नक्की ना? दवाखान्याच्या तळघरात मयत घ्यायला जाताना आपण त्या आडव्या दांड्याखालून बोटभर जागेनं जातो."

"मामा, मी हिशोब केलाय."

हे वाक्य लक्षात ठेवा.

दुसऱ्याच आठवड्यात बाई गेल्या.

बाई म्हणजे गणिताच्या बाई. राहायच्या वरच्या वस्तीत, शिकवायच्या खालच्या शाळेत. जन्मभर ती खिंड रोज उतरल्या आणि रोज चढल्या. गावातल्या अर्ध्या लोकांना त्यांनी पाढे शिकवले, उरलेल्या अर्ध्यांना पुन्हा शिकवले. भाचाही त्यांच्याच हाताखालचा. पोटात दुखतंय म्हणून दवाखान्यात आल्या. निघताना घरी सांगून आल्या होत्या, "दोन दिवसांत येते." आल्या नाहीत.

त्यांचे यजमान शिंपीकाका. वाळकुडे, कमी बोलणारे. बाईंचा चष्मा खिशात घालून ते दवाखान्याच्या पायरीवर बसले होते. भाचा गेला तेव्हा म्हणाले, "तिला एकदा घरी न्यायचंय रे. तिच्या खिडकीपाशी. उद्या सकाळी वस्तीतले सगळे येतील, मग पुढचं. पण दवाखानेवाले म्हणतात रस्ता खराब आहे, आज वर जायला जमलं नाही तर इथेच खाली उरकून टाका. तिला इथे नाही रे ठेवायचं. ती येते म्हणून सांगून आलीय."

भाचा पायरीवर त्यांच्याशेजारी बसला. आणि अशा कुणाशेजारी बसलं की माणूस नको ते बोलतो.

"काका, काळजीच करू नका. नवी चाकं आहेत. पोटातलं पाणी हलणार नाही बाईंच्या. अंधार पडायच्या आत मी त्यांना खिडकीपाशी नेतो. माझा शब्द."

मामांचं कंबरडं धरलं होतं, ते घरी आडवे. म्हणजे सगळा कारभार एकट्या भाच्याचा.

गाडी तळघराच्या उताराला लागली आणि वरून आवाज आला. खर्रर्र. दांडा टपावर.

भाचा उतरला. वर बघितलं. खाली बघितलं. पुन्हा वर बघितलं. पंच्याहत्तर ते पंच्याहत्तर, मग गाडी उंच झालीच कशी? वॉचमन आला. त्यानंही वर बघितलं.

"दांडा खाली आलाय का?" भाच्यानं त्याला विचारलं.

"तो सिमेंटमध्ये आहे," वॉचमन म्हणाला.

मागे अँब्युलन्स येऊन उभी राहिली, तिच्यामागे ऑक्सिजनच्या टाक्यांची गाडी. हॉर्न सुरू झाले. शिंपीकाका पायरीवरून उठून हळूहळू जवळ आले आणि त्यांनीही वर बघितलं.

मग भाच्याला सुचलं. हवा सोडायची! चारही चाकांपाशी गुडघे टेकून त्यानं हवा सोडली. फुस्स करत गाडी बसली, जशी दमलेली म्हैस बसते. दांड्याखालून जेमतेम निसटली. बाईंची पेटी रुळावर सरकली, दार लागलं, काका पुढे बसले, गाडी बाहेर आली.

"आता हवा भरायला हवी ना?" काकांनी विचारलं.

आता बघा, इथे गॅरेज समोरच होतं. पण रस्त्यावरचे खड्डे आले आणि गाडी त्यांवरून गादीवरून गेल्यासारखी गेली. धक्का म्हणून नाही. भाचा मनात म्हणाला, व्हिडिओतले लोकही हेच सांगतात, चिखलात हवा कमी ठेवा. किती कमी तेही सांगतात, पण तेवढा भाग यानं पुढे पळवला होता.

"नको काका. अशीच मऊ चालू दे. बाईंना बरं."

"बरं," काका म्हणाले. मग मागे वळून म्हणाले, "मऊ आहे गं."

ठेकेदाराच्या वडिलांना खाऊन बसलेला तो चिखल आला. गाडी त्यातून लोण्यातून सुरी जावी तशी गेली. भाच्याची छाती एवढी फुगली की स्टिअरिंगला लागली. आज मामा हवे होते, त्याला वाटलं.

आणि मग वळणं सुरू झाली. खिंडीचा रस्ता म्हणजे केसांत अडकवायच्या आकड्यासारखी वळणं. भाच्यानं पहिल्या वळणावर स्टिअरिंग पूर्ण फिरवलं आणि चाक आतल्या पत्र्याला घासलं. रुंद चाकाला वळायला जास्त जागा हवी होती, आणि जागा नव्हती. घर्रर्र. म्हणजे गाडी वळणार, पण अर्धीच. मग काय, थोडं पुढे, थोडं मागे, पुन्हा पुढे, पुन्हा मागे. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काही नाही. मागे घेताना भाच्याला आरशात फक्त पेटी दिसायची, आणि पेटीच्या मागे आभाळ.

"रस्ता चुकलास का?" काकांनी विचारलं.

"नाही काका. वळतोय."

"ती एवढ्या वेळात चालत पोचायची," काका म्हणाले. टोमणा नव्हता तो. नुसतंच आठवलं त्यांना. दर वळणाला ते मागे वळून सांगायचे, "अजून थोडंच राहिलं गं," आणि भाच्याचे कान तापायचे.

तिसऱ्या की चौथ्या वळणावर मागे घेताना चाक एका धारदार दगडावर चढलं. हवा आधीच नाही. टायर रिमवरून असा निसटला, जसा ढिला मोजा पायातून निघतो. गाडी एका कोपऱ्यावर कलली आणि थांबली. सूर्य खिंडीच्या डोक्यावर टेकत आला होता.

"काही नाही काका," भाचा म्हणाला, "जास्तीचं चाक आहे."

होतं. जुनं होतं. भाच्यानं जॅक लावला, घामाघूम होऊन नवं चाक काढलं, जुनं चढवलं आणि नट फिरवायला घेतले. नट बसेनात. नव्या रिमचे नट वेगळे. जुन्या चाकाला जुनेच नट लागतात, आणि जुने नट खाली टायरवाल्याच्या दुकानात, पत्र्याच्या डब्यात. "हे कशाला न्यायचे?" असं विचारून भाच्यानंच तिथे ठेवले होते. टायरवाला म्हणाला होता, "उत्तम."

भाचा चिखलात तसाच बसला. फोन लावावा तर मामा अंथरुणात. दुसरी गाडी बोलवावी तर वर येणारी दुसरी गाडीच नाही. काका उतरून मागच्या काचेपाशी उभे राहिले. खिशातून चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत ठेवला. उजेड पिवळा पडत चालला होता.

एवढ्यात खालून खडखडाट ऐकू आला. वस्तीतला दूधवाला, रिकामे कॅन घेऊन परत निघालेला. तीनचाकी टेम्पो, टायर अंड्यासारखे गुळगुळीत.

"अडकलात होय?" तो म्हणाला.

"तू कसा येतोस या रस्त्यानं?" भाच्यानं विचारलं.

"हलकी आहे. रुतली की उतरून उचलतो, बाजूला ठेवतो." मग त्याला पेटी दिसली. त्यानं टोपी काढली. "बाई?"

काकांनी मान हलवली. "सकाळी मी तुलाच विचारणार होतो," ते म्हणाले. "पण हा म्हणाला, नवी चाकं आहेत."

भाच्याला वाटलं, दरी इथे जवळच आहे.

दूधवाल्यानं कॅन कडेला उतरवले, पोती अंथरली. तिघांनी मिळून पेटी उचलली आणि टेम्पोत ठेवली. थोडी बाहेर राहिली, ती दूधवाल्यानं दोरीनं हलक्या हातानं बांधली. काका आत पेटीशेजारी बसले. मग त्यांनी भाच्याला विचारलं, रागानं नाही, शिंप्यानं बिघडलेल्या कापडाबद्दल विचारावं तसं, "माप चुकलं कुठे?"

"काका, टायरवर आकडे असतात. दोन्हीकडे पंच्याहत्तर होतं. मला वाटलं उंची तेवढीच. ते टक्के असतात, काका. रुंदीचे टक्के. रुंदी वाढली की उंचीही वाढते. आत्ता वळणावर लक्षात आलं."

काकांनी मान खाली घातली. मग त्यांचे खांदे हलायला लागले. भाचा घाबरला, त्याला वाटलं म्हातारा रडतोय. पण काका हसत होते. सकाळपासून पहिल्यांदा.

"शेकडेवारी," ते म्हणाले. "अरे, तुझा पेपर आमच्या घरी पडून होता. सगळे तपासून झाले, तुझाच तेवढा बाजूला. शेकडेवारीचं एकही गणित बरोबर नाही म्हणाली, याला नापासच करते. मीच म्हटलं, जाऊ दे गं, ढकल वर. या पोराला जन्मात कुठे लागणार आहे शेकडेवारी?"

"मग?"

"मग माझं ऐकलं तिनं. तेवढं एकदाच ऐकलं." काकांनी चष्मा काढला आणि पेटीवर ठेवला, पडू नये म्हणून त्यावर हात धरून. "म्हणाली होती, लागेल हो. बघाल तुम्ही."

टेम्पो गाडीच्या कडेनं निघाला. काका पेटीवर वाकून काहीतरी बोलत होते. भाच्याला एवढंच ऐकू आलं, "बरोबर होतीस बाई, बरोबर होतीस." गुळगुळीत चाकं चिखलात जराशी घसरली, सावरली आणि वळण एका झटक्यात पार करून गेली. वरच्या कड्यावर ऊन अजून होतं. त्या उन्हातून टेम्पो पलीकडे उतरला.

भाचा कॅनच्या रांगेशेजारी बसून राहिला. बऱ्याच वेळानं मामांचा फोन आला.

"वस्तीवरून निरोप आला. पोचल्या म्हणे बाई, खिडकीपाशी ठेवलंय." मामांचा आवाज अभिमानानं भरून आला होता. "शाबास. धक्का नाही ना लागला?"

"बाईंना नाही लागला, मामा."

"आणि चाकं? चाकं कशी आहेत?"

भाच्यानं गाडीकडे बघितलं. खिंडीखालच्या चिखलपाण्यानं पॉलिश धुऊन गेलं होतं, आणि नारिंगी पट्टे लखलखत होते.

"उत्तम," तो म्हणाला.