गळतीतज्ज्ञाचा पाळणा

पाळणा आपणच जोडावा, असं नुनोने शनिवारी जेवण झाल्यावर ठरवलं आणि तिथेच माशी शिंकली.

शेजारच्या तुर्सुनाय आपांनी त्याला आदल्या दिवशीच बजावलं होतं. ज्या बेशिकमध्ये त्यांची सात लेकरं वाढली, तो लाकडी पाळणा त्यांनी स्वतः जिना चढवून नुनोच्या घरी आणून ठेवला होता, सोबत गादी, पट्टे आणि एक गच्च बांधलेलं गाठोडं.

"हात लावायचा नाही," आपा म्हणाल्या. "रविवारी मी येते. पहिल्यांदा बाळाला बेशिकमध्ये निजवायचं ते भरपूर पोरं वाढवलेल्या बाईने. आणि रिकामा तर अजिबात हलवू नकोस बाबा, झोप उडते."

"आमच्याकडे उडायला झोप राहिलीये कुठे आपा?" नुनोची बायको फिलिपा म्हणाली.

खोटं नव्हतं ते. पोर्तुगालहून ही दोघं ओश शहरात आली त्याला दोन वर्षं झाली होती, आणि इनेसला जन्माला येऊन तीन महिने. ती वीस मिनिटं झोपायची आणि दोन तास त्याचा वचपा काढायची. फिलिपा चहात मीठ घालून पीत होती आणि तिला ते कळतही नव्हतं. नुनो एकदा एका पायात बूट, एका पायात सपाता घालून ऑफिसात गेला होता (ते कुणाच्या लक्षात आलं नाही, याचं त्याला अजून वाईट वाटायचं). अंगणात पोरीला बाहेर काढलं की बाकावरच्या बायका धावून यायच्या. टोपी कुठाय? मोजे कुठायत? मे महिना आहे म्हटलं तर म्हणायच्या, मे महिन्यात काय कान नसतात का?

गुरुवारी फिलिपाने कपाटावरची मोठी बॅग खाली काढली.

"सोमवारपर्यंत ही झोपली नाही, तर मी हिला घेऊन आईकडे ब्रागाला जाते."

"आणि मी?"

"तू गळती शोध."

ती चिडून बोलली असती तर नुनोने समजूत काढली असती. ती नुसती थकून बोलली होती. थकलेल्या माणसाची समजूत कशी काढतात, हे त्याला माहीत नव्हतं. बॅग दाराशी उघडीच पडली होती आणि येता-जाता त्याला ती ओलांडावी लागत होती.

तर हा नुनो शहराच्या पाणीखात्यात परदेशी तज्ज्ञ होता. गळतीतज्ज्ञ. एकशेऐंशी किलोमीटर नळ सांभाळणाऱ्या माणसाला चार फळ्यांचा पाळणा काय जड? रविवारची वाट कशाला बघायची?

बेशिकच्या तळाला मधोमध एक भोक असतं. बाळाला पट्ट्यांनी बांधून निजवायचं, दुपट्यात एक लाकडी नळी ठेवायची, भोकाखाली मडकुलं टांगायचं. लंगोट नाही, ओलं नाही, बाळ तासन्‌तास गाढ. नुनोने गाठोडं सोडलं तर आत दोन नळ्या निघाल्या. एक चपटी, लांबट खाचेची. दुसरी गोल तोंडाची, छान वळणाची, थेट त्याच्या गोदामातल्या नळांच्या घराण्यातली. चपटी त्याला बिघडलेली वाटली. त्याने गोल उचलली.

(एक मुलग्यांची असते, एक मुलींची, हे ओशमध्ये बोकडालाही ठाऊक आहे.)

मग त्याने चाचणी घेतली. आधी पाळणा रिकामाच शंभर वेळा हलवला. कुरकुर नाही. मग नळी भोकात बसवून तिच्या तोंडात किटलीभर पाणी ओतलं. सुरेख गेलं. खात्री म्हणून आणखी एक किटली, आणि आनंद म्हणून तिसरी. पाणी गेलं कुठे, हे मात्र त्याने पाहिलं नाही. मडकुलं अजून गाठोड्यातच होतं.

"फिलिपा, आण तिला."

इनेसला पट्टे बांधले, नळी पुसून दुपट्यात ठेवली, वर चादर टाकली, पाळणा हलवला. आणि काय सांगावं, पोरगी झोपली! पाच मिनिटं झाली, दहा झाली. फिलिपा भिंतीला टेकून बसल्या बसल्याच घोरायला लागली. नुनोच्या डोळ्यांत पाणी आलं. दाराशी पडलेल्या बॅगेकडे त्याने विजयी नजरेने पाहिलं.

तेवढ्यात फोन खणाणला. पाणीखात्याच्या ड्युटीवरची बाई होती.

"नुनो, शनिवार आहे, माफ कर. पण मोठी गळती आहे. छतातून धार लागलीये."

"पत्ता?"

तिने पत्ता सांगितला. बिल्डिंग त्याचीच होती. घर त्याच्या बरोबर खालचं.

फोनने इनेस जागी झाली होतीच. तिच्या रडण्याने फिलिपा उठली, चादर काढली, तर आत गादी, दुपटं, पट्टे सगळं चिंब. गोल नळी तेवढी खडखडीत कोरडी होती.

रडणं ऐकून तुर्सुनाय आपा दार उघडून आल्या. त्यांनी पाळणा पाहिला, जमीन पाहिली, किटली पाहिली.

"रिकामा हलवलास ना?"

"थोडासा."

"किती?"

"शंभर वेळा."

"अरे देवा! आणि ही नळी? मुलग्याची नळी लावलीस पोरीला? बायको मुलगी घेऊन घरी आली तेव्हा तू कुठे बघत होतास?"

"मला ती जास्त चांगली वाटली."

"म्हणे तज्ज्ञ! शहराचं पाणी याच्या हातात आहे म्हणून आमच्याकडे नळाला येत नाही होय!"

इतक्यात दारात खालचे सापारबेक आके उभे राहिले. निवृत्त शिक्षक, सगळ्या बिल्डिंगचे आके म्हणजे दादा, डोक्यावर ओली टोपी.

"काय झालं नुनो?"

खरं सांगायला नुनोने तोंड उघडलं. पण आपांची नजर पाहून त्याची छाती झाली नाही.

"बाळाने केली," तो म्हणाला.

आकेंनी छताची धार आठवली, मग इनेसकडे पाहिलं. "देव तिला मोठं करो," ते आदराने म्हणाले. "असली तब्येत आता शहरातल्या पोरांत राहिली नाही."

आपांनी घरून कोरडी गादी आणली, चपटी नळी लावली, मडकुलं टांगलं. पाळण्यावरून मूठभर अक्रोड अन् गोळ्या उधळल्या आणि पुटपुटत इनेसला आडवं केलं. दोन झोके दिले. पोरगी झोपली. अर्धा तास झाला, तास झाला, पोरगी झोपलेलीच. आपाही गालिच्यावर कलंडल्या.

"फिलिपा," नुनो हळूच म्हणाला, "बॅग?"

"वर ठेव," फिलिपा झोपेतच म्हणाली.

नुनोचा जीव भांड्यात पडला. पाळण्यावरचा हात काढून तो बॅगेसाठी उठला.

"बस खाली," डोळे न उघडता आपा म्हणाल्या. "रिकामा हलवला की झोप उडते. तेव्हा आत पोर नव्हतं, म्हणजे उडाली ती तुझी. आता हलव."