पाचाचा काटा

चेन्नईतल्या वेलाचेरीचे आमचे शेजारी वेंकटराव माणसाशी बोलायच्या आधी त्याची श्रुती काढत. सदऱ्याच्या खिशातून दोन बोटांचा एक पोलादी काटा निघे, गुडघ्यावर आपटला जाई, त्याचा दांडा दाराच्या फळीला टेकवला जाई, आणि दार गुणगुणू लागलं की मग, "हं, बोला." मी पहिल्यांदा गेलो होतो तो पाण्याचा टँकर कधी येतो हे विचारायला. "दीड कट्टै," ते माझ्याकडे पाहून म्हणाले, "रागावलांत कीं दोन." टँकरचं राहूनच गेलं.

कट्टै म्हणजे तिकडची स्वराची पट्टी. बायका बहुधा पाचात गातात, पुरुष एकात. आणि तो काटा म्हणजे आपण शाळेच्या प्रयोगशाळेत पाहिलेला नादकाटा. गिंडीच्या एका छोट्या कारखान्यात फिटर असताना वेंकटरावांनी तो स्वतः घडवला होता आणि दांड्यावर पाचाचा आकडा ठोकला होता. मी एकदा विचारलं, यावर गाणं वाजतं का? "हा गात नाहीं," ते म्हणाले. "कुठून गावें तेवढं सांगतो. तेवढं कळलं तर पोदुम."

पोदुम म्हणजे पुरे. घराणं तंजावरचं, मराठी पिढ्यान्‌पिढ्या तमिळमध्ये मुरलेली. माझी साताऱ्याची मराठी त्यांना भलतीच घाईची वाटे.

त्यांचा खरा राग विजेवरच्या वाद्यांवर. वरच्या मजल्यावर कुणी कीबोर्ड वाजवायला बसलं की हे आपल्या खिडक्या धडाधड लावून घेत. नवरात्रात त्यांच्या घरी पायऱ्यांवर बाहुल्यांचा गोलू मांडला जाई आणि त्यांच्या पत्नी लीलाअक्का त्यापुढे गात. एका वर्षी माझ्या बायकोने मोठ्या हौसेने आमची नवी इलेक्ट्रिक श्रुतीपेटी नेली. तिने बटण दाबायच्या आत वेंकटरावांनी वायर काढली आणि पेटीवर प्रसादाच्या हरभऱ्यांची, सुंडलची, ताटली ठेवून दिली. "करंटची श्रुती आमच्या घरांत नको. करंट गेला तर सा पण जातो." मग काटा गुडघ्यावर, दांडा गोलूच्या पायरीवर, आणि अक्का गायल्या. आवाज वयाने जाडसर झालेला, पण काय गायच्या.

"श्रुतीचं सोवळं पाळतात," घरी आल्यावर बायको फणकारली. मलाही तसंच वाटलं.

पुढे त्यांचे हात थरथरू लागले. एके दिवशी म्हणाले, "स्कूटरवरून गिंडीला सोडाल?" जुन्या कारखान्यात त्यांनी काटा व्हाइसमध्ये धरला आणि कानस माझ्या हातात दिली. दोन बोटांच्या मधल्या खाचेत घासलं की स्वर उतरतो म्हणे. मी घासायचो, ते गुडघ्यावर आपटून ऐकायचे. "अजून थोडं. अजून. बेश, पोदुम."

"पण यावर तर पाच लिहिलंय," मी म्हणालो.

वेंकटराव काटा वेष्टीला, म्हणजे तिकडच्या धोतराला, पुसत राहिले. "हिचा आवाज उतरला. पाचाचा साडेचार झाला, तेव्हां मीच घासला. आतां चार. पाच सुटलं त्या दिवशीं गाणं बंद, म्हणाली आहे ती. हट्टी आहे. बंद करील. पेटी लागली, खरं पाच वाजलं तर तिला कळेल. तुम्ही सांगूं नका."

तेव्हा कुठे मला त्या खिडक्या आणि ती सुंडलची ताटली कळली.

त्याच आठवड्यात ते बहिणीकडे तांबरमला गेलेले असताना अक्कांनी मला कॉफीला बोलावलं. कॉफी पुढे ठेवत म्हणाल्या, "गिंडीला नेलंत ना ह्यांना? वेष्टीवर लोखंडाची भुकटी होती." मी कॉफीत तोंड घातलं. अक्का हसल्या. "लहानपणापासून गातें मी. पाच आणि चार मला न कळे? पाच सुटलं तेव्हांच सोडणार होतें. पण ह्यांनीं इतक्या कष्टानें काटा घासला, मग कसं सोडूं? ह्यांना सांगूं नका."

झालं. दोघांनाही मी शब्द दिला आणि दोघांनाही तो पाळला. दारावर भेटलो की एक इकडून डोळे मिचकावी, दुसरी तिकडून. तेव्हा मजा वाटायची. वेंकटराव गेले तेव्हा पहिल्यांदा वाटलं, दोघांना एकदा समोरासमोर बसवून सांगून टाकलं असतं तर किती हसले असते. ते हसणं राहिलं, याची हळहळ अजून जात नाही.

त्या वर्षी गोलू मांडला जाणार नाही असंच आम्ही धरून चाललो होतो. नवरात्राच्या तोंडावर अक्का स्वतः आमच्या दारात आल्या. रुमालात काटा होता. त्यांनी तो गुडघ्यावर हळूच आपटला, कानाशी धरला आणि मान हलवली.

"चार पण जमत नाहीं आतां," त्या म्हणाल्या. "गिंडीला घेऊन जाल?"

मी काटा घेतला. कितीपर्यंत उतरवायचा, असं विचारणार तोच त्यांनी हाताने थांबवलं.

"मला कांहीं सांगूं नका. दाराशी ह्यांचा सदरा टांगला आहे. आणलांत कीं त्याच्या खिशांत ठेवून द्या."