घरच्या कापडाच्या एकतीस पिशव्या

शनिवारी सकाळी बाजारच्या हॉलमध्ये जांभळ्या कापडाचं गाठोडं सुटलं, तेव्हा अबिकेबाईंच्या शिवणवर्गात असा काही ओरडा झाला की शेजारच्या मटणवाल्याला कुणाकडे बाळ झालं की काय असं वाटलं. गेले दोन महिने वर्ग तांदळाच्या रिकाम्या पोत्यांवर शिवण शिकत होता. पोत्याची शिवलेली पिशवी म्हणजे शेवटी पोतंच, हे आठ वर्षांच्या तायवो आणि केहिंदे या जुळ्यांनाही कळत होतं. आणि आज समोर चाळीस वार नवंकोरं, जांभळ्यावर सोनेरी पाखरं असलेलं कापड उलगडत होतं.

"बाई, हे आपलं?" तायवोने विचारलं.

"आपलंच दिसतंय," अबिकेबाई म्हणाल्या. त्यांचा स्वतःचाच स्वतःवर विश्वास बसत नव्हता. "इयालोजाने पाठवलंय. टॅक्सीवाला सूले ठेवून गेला."

इयालोजा म्हणजे बाजारातल्या सगळ्या बायकांची मुख्य. इकिरुनच्या बाजारात टोमॅटोचा भावसुद्धा तिला विचारून पिकतो. हॉलही तिच्याच ताब्यात. गोठवलेली मासळी विकणारा एक जण त्या हॉलवर कधीपासून डोळा ठेवून होता, आणि इयालोजाने गेल्याच आठवड्यात अबिकेबाईंना बोलावून स्पष्ट सांगितलं होतं, "आईच्या ऐंशीव्या वाढदिवसापर्यंत थांबते. तोवर तुझ्या माणसांना खरंच काही शिवता येतं असं दिसलं, तर हॉल तुझा. नाहीतर मासळीचा. आणि सारखं कापड नाही, कापड नाही करू नकोस, मी पाठवते." अबिकेबाईंच्या तीन मशिनी ठेवायला गावात दुसरी जागा नव्हती. हॉल गेला की वर्ग गेला.

"एवढं भारी कापड, आणि शिकाऊ हातांना?" बाई कात्री हातात धरून थबकल्या.

"बाई, धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत," निवृत्त हेडमास्तर ओयेदिरान म्हणाले. वयाच्या बहात्तराव्या वर्षी स्वतःची पँट स्वतः शिवायची असा त्यांनी पण केला होता. शिंप्याने तीन ईदा आणि दोन ख्रिसमस त्यांना 'उद्या या' म्हणून परत पाठवलं होतं, त्याचा तो सूड होता. "कात्री चालवा."

कात्री चालली. मग दोन शनिवार त्या हॉलमध्ये जो उत्साह होता, तो लग्नघरीसुद्धा नसतो. बंद, अस्तर, खिसे, कच्ची शिलाई, पक्की शिलाई. मिरच्या विकणाऱ्या बाया दुकान शेजारणीवर टाकून येत आणि "माझं मशीन, माझी पाळी!" म्हणून भांडत. केहिंदेने मांडीवर ठेवून पिशवी शिवली ती आपल्या चड्डीसकट, आणि उठल्यावर पिशवीही उठली. बाईंनी उसवलं, त्याने पुन्हा शिवली, या वेळी एकटी पिशवी. त्याने ती डोक्यावर धरून हॉलभर नाच केला. हेडमास्तरांच्या पँटीचा एक पाय चार बोटं आखूड झाला. "पावसाळ्यात एवढा उपयोगी पडेल," ते म्हणाले आणि आरशासमोरून हलेनात. एकतीस माणसं, एकतीस पिशव्या, आणि उरलेल्यातून एक पँट. चिंधीसुद्धा वाया गेली नाही, याचा अबिकेबाईंना फार अभिमान वाटला.

वाढदिवसाच्या आधीच्या मंगळवारी त्या इयालोजाच्या दुकानी गेल्या आणि रीतीप्रमाणे गुडघे टेकून नमस्कार केला. मान वर केली तर समोर खिळ्याला इयालोजाचा समारंभाचा पोशाख टांगलेला. जांभळा. त्यावर सोनेरी पाखरं.

"बघ, कसं आहे?" इयालोजा खुलून म्हणाली. "आईच्या वाढदिवसाचं अशोएबी. सगळ्या घराला एकच कापड. माझं ठेवून घेतलं आणि बाकीचं सगळं ओसोग्बोला धाकट्या बहिणीकडे, अडुन्नीकडे पाठवलं. तिकडची पंधरा जणं तिथेच शिवून घालून येणार. कारखान्यातून हा रंग तेवढाच उचललाय. घराबाहेर एक चिंधी दिसता कामा नये!"

अबिकेबाईंना उठता येईना. इयालोजाला वाटलं, किती आदर करते ही.

"अडुन्नीताईंना... मिळालं का कापड?"

"मिळालं की. फोनवर म्हणाली, ताई, फार सुंदर आहे. आणि तुला पाठवलेलं? वापरलंस ना? जुनंच आहे, पण धड आहे. पोरांच्या हाताला पुरे."

"वापरलं," बाई म्हणाल्या. खोटं तर काही नव्हतं. अडुन्नीला कापड मिळालं असेल, तर आपण कापलं ते कुठलं? आणि ते जुनं कुठे गेलं? रस्ताभर हिशेब लागेना. एवढं मात्र कळलं, की घरच्या कापडाला त्यांनी कात्री लावली होती आणि मासळीचे फ्रीजर आता वाटेवर होते.

खरं बोलून टाकावं म्हणून त्या दोनदा परत फिरल्या आणि दोनदा घाबरून पुढे गेल्या. शेवटी पिशव्या कुणी पाहिल्याच नाहीत तर प्रश्नच नाही, असा त्यांनी निकाल लावला. पिशव्या दाखवायच्या त्या समारंभानंतर, आणि तोवर त्यांना काळा रंग देता येईल. त्याच संध्याकाळी सगळ्यांना जमवून त्यांनी बजावलं, "शनिवारी कार्याला सगळ्यांनी यायचं. पण पिशवी घरी. कुणीही आणायची नाही. कळलं?"

"कळलं, बाई!" एकतीस माना हलल्या. मान हलवायला कुणाचं काय जातं?

शनिवारी हॉलसमोरच्या पटांगणात दोन मांडव पडले. पुढच्या मांडवाला पंखे, पांढऱ्या चादरींची टेबलं आणि जोलोफ भाताचे ढीग. मागच्या मांडवाला अर्धं छप्पर आणि पूर्ण ऊन. फाटकावर इयालोजाचा जावई उभा होता. त्याला एकच हुकूम होता, जांभळं ते घरचं, ते पुढे. बाकीचं मागे.

अबिकेबाई आपला निळा झगा घालून आल्या. जावयाने अदबीने त्यांना मागे पाठवलं. उन्हात बसून त्यांनी पुढे पाहिलं. पहिल्या टेबलावर तायवो आणि केहिंदे, गळ्यात जांभळ्या पिशव्या, प्रत्येकाच्या पुढ्यात कोंबडीची तंगडी. दुसऱ्या-तिसऱ्या टेबलावर मिरच्यावाल्या. एकतीसच्या एकतीस पिशव्या हजर. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने शिवलेली वस्तू, आणि गावातलं सगळ्यात मोठं कार्य, मग ती घरी ठेवणार कोण? मधोमध हेडमास्तर बसले होते जांभळ्या पँटीत, आणि ढोलवाला त्यांच्यासमोर वाकून इयालोजाच्या खापरपणज्याची कीर्ती वाजवत होता. हेडमास्तरांचं घराणं त्या घराण्याशी तीन पिढ्या बोलत नव्हतं. तरी ते ताल धरून मान डोलवत होते.

तेवढ्यात फाटकावर गलका झाला. "अरे, आम्ही सख्खी माणसं! मी सख्खी धाकटी बहीण!"

"मावशी, मला रंगाचा हुकूम आहे," जावई रडकुंडीला आला होता. "तुमचं कापड जांभळं नाही. मला सासूबाईंसमोर उभं राहायचंय."

अडुन्नी आणि ओसोग्बोची पंधरा जणं मागच्या मांडवात, नेमकी अबिकेबाईंच्या शेजारी, धपाधप येऊन बसली. सगळ्यांचे कपडे एकाच कापडाचे. फुग्याच्या बाह्या, झालरी, डोक्यावर उंच बांधलेले फेटे, शिवण अगदी पहिल्या नंबरची. कापड मात्र विटक्या हिरव्या रंगाचं, त्यावर तपकिरी अननस, आणि मधूनमधून उन्हाने पांढरे पडलेले उभे पट्टे. अननस कुठेतरी पाहिलेत, असं बाईंना वाटलं. मग अडुन्नी घाम पुसायला वळली आणि तिच्या पाठीवर, बरोबर मधोमध, तिकोनी करपलेला डाग दिसला.

तो डाग बाईंचा होता. दोन वर्षांपूर्वी कोळशाची इस्त्री त्यांनी हॉलच्या खिडकीत ठेवली होती आणि पडदा करपला होता. त्यावरून इयालोजाने त्यांना आजवर निदान पन्नासदा ऐकवलं असेल. या कार्यासाठी हॉलला नवे पिवळे पडदे लागले, जुने उतरले. वर्गासाठी पाठवलेले ते जुने पडदे आता अडुन्नीच्या अंगावर होते.

"ताई," बाईंनी हळूच विचारलं, "हे कापड बघून तुम्हाला काही वाटलं नाही?"

"वाटलं की!" अडुन्नी कुजबुजली. "पण थोरल्या बहिणीने पाठवलंय, विचारायचं कसं? तिच्या पन्नाशीला मी म्हटलं होतं, रंग जरा भडक आहे. दोन वर्षं बोलली नाही माझ्याशी. शिंपी म्हणाला, हा पडदा आहे. मी म्हटलं, गप शिव, मोठ्या शहरातली फॅशन असेल."

अबिकेबाई उठून पुढे निघाल्या, पण उशीर झाला होता. ढोल वाढले आणि म्हाताऱ्या आईचा हात धरून इयालोजा नाचत आत आली. दोन पावलं नाचली. पहिल्या टेबलावर पाखरं असलेल्या पिशव्या दिसल्या. तिसरं पाऊल हवेतच राहिलं. मग हेडमास्तरांची पँट दिसली, मग दूर उन्हात सगळं माहेर अननसात बसलेलं दिसलं, आणि ढोल बंद पडले.

"सूले!" इयालोजा ओरडली.

टॅक्सीवाला सूले तोंडातला घास गिळत उभा राहिला. "तुम्हीच म्हणालात, इयालोजा. दोन्ही गाठोडी सारख्याच चौकड्याच्या कापडात बांधलेली. म्हणालात, जड ते ओसोग्बोला, हलकं ते हॉलवर. मी दोन्ही उचलून पाहिली. जड ते ओसोग्बोला दिलं."

"चाळीस वार कापड हलकं?"

"अस्तर लावलेले आठ खिडक्यांचे पडदे, इयालोजा," सूले नम्रपणे म्हणाला. "त्यांच्यापुढे हलकंच की."

अबिकेबाई पुढे होऊन गुडघ्यांवर बसल्या. "चूक माझी आहे. मंगळवारी कळलं तेव्हाच मी सांगायला हवं होतं, भिऊन बोलले नाही. हॉल मासळीवाल्याला द्या. फक्त माझ्या माणसांना ताटावरून उठवू नका. त्यांनी जीव लावून शिवलंय."

इयालोजाने बोलायला तोंड उघडलं, पण तिची आई पुढे सरकली होती. म्हातारीने केहिंदेच्या गळ्यातली पिशवी ओढून घेतली, उलटी केली, आतली शिवण बोटांनी चाचपली.

"कुणी शिवली?"

"मी," केहिंदे म्हणाला. "पहिल्यांदा चड्डीला शिवली होती. ही दुसऱ्यांदा."

म्हातारी एवढी हसली की तिला धरायला दोघी धावल्या. "माझ्या लेकीनेही याच वयात शिवली होती एक. आठवतं का ग? चघळायच्या कोलाच्या बिया भरून मी बाजारात निघाले आणि घरापासून बाजारापर्यंत बिया सांडत गेल्या. तळच नव्हता पिशवीला! त्यानंतर हिने सुईला हात लावला नाही."

मटणवाला आधी हसला, मग सगळं पटांगण. इकिरुनमध्ये इयालोजाला पहिल्यांदाच कुणी हसत होतं, आणि जिने हसवलं ती आईच असल्यामुळे तिला काही करता येत नव्हतं.

"घरचं कापड ज्याच्या अंगावर, ते घरचं माणूस. हुकूम तुझाच ना?" म्हातारी पुढे म्हणाली. "मग झालं तर. एकतीस माणसं वाढली घरात. ऐंशीव्या वर्षी एवढी भेट कुणाला मिळते? आणि त्या पडद्यांना आत घ्या ग, उन्हात विटतायत."

अडुन्नीची मंडळी ताठ मानेने आत आली. बाजारातल्या बायका इयालोजाभोवती जमल्या. "काय कापड आहे हो हे! कुठून आणवलंत?" इयालोजाने एकदा बहिणीकडे पाहिलं, एकदा हॉलच्या खिडक्यांकडे. "इथे मिळत नाही ते," ती म्हणाली आणि नाचायला लागली. केहिंदेची पिशवी म्हातारीने परत केलीच नाही. त्यात तिने कोलाच्या बिया आणि चष्मा भरला, आणि केहिंदे पुढचे चार दिवस ती गोष्ट भेटेल त्याला सांगत सुटला.

हॉलचं मात्र इयालोजा एक अक्षर बोलली नाही. किल्लीही तिने समारंभाच्या आवराआवरीसाठी म्हणून मागून घेतली होती. पुढच्या शनिवारी अबिकेबाई हॉलवर पोहोचल्या. दार सताड उघडं होतं. फ्रीजर नव्हते. तिन्ही मशिनी जागच्या जागी होत्या. बाईंनी डोळे मिटून देवाचे आभार मानले आणि उघडले, तर आठच्या आठ खिडक्या उघड्याबोडक्या. नवे पिवळे पडदे गायब.

"मेले," बाई म्हणाल्या. इस्त्रीच्या एका डागाचं दोन वर्षं ऐकलं होतं, आता आठ पडद्यांचं मरेपर्यंत ऐकावं लागणार होतं. "हेडमास्तर! खरं सांगा, पँट शिवलीत?"

"बाई, देवाशपथ नाही!" हेडमास्तर म्हणाले. "मनात आलं होतं, नाही असं नाही."

तेवढ्यात मागच्या खोलीतून इयालोजा बाहेर आली. काखेत पिवळ्या कापडाचा गठ्ठा, बोटाला चिंधी बांधलेली, चेहऱ्यावर बाजारात कुणी कधी न पाहिलेला भाव. तिने जुळ्यांना सरकवलं आणि मधल्या मशीनसमोर बसकण मारली.

"बघतेस काय?" ती म्हणाली. "दोन बाजू झाल्यात माझ्या. तळ कसा लावायचा, ते शिकव."